सांगलीचा आवाज कुठवर यायचा?

१२५१ ला ९ ने भागून बघा. १३९ येतात, बाकी शून्य. पुण्याचे ७९२ घ्या, ८८ येतात. मुंबईचे ५५८ आणि १०४४, नागपूरचे ५८५, धारवाडचे ७६५. कुठलाही आकडा घ्या, ९ ने पूर्ण भाग जातो. हे आकडे आकाशवाणीच्या मध्यम लहरींवरच्या, म्हणजे एएम केंद्रांचे आहेत, किलोहर्ट्झमध्ये. १२५१ हा सांगलीचा.

यामागे एक करार आहे. १९७५ साली जिनिव्हात आशिया, आफ्रिका, युरोप आणि ऑस्ट्रेलिया या भागांतले देश एकत्र बसले आणि त्यांनी मध्यम लहरींचा पट्टा ९-९ किलोहर्ट्झच्या घरांत आखून वाटून घेतला. कुठल्या गावचं केंद्र, कुठल्या घरात, किती किलोवॅटचं, हे सगळं कागदावर आलं. २३ नोव्हेंबर १९७८ पासून ती व्यवस्था लागू झाली. (अमेरिका खंडाने आपली १०-१० ची घरं वेगळी ठेवली, म्हणून तिकडचे आकडे शून्यावर संपतात.) आयपी अ‍ॅड्रेसचं वाटप कसं होतं हे शिकलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे वाचून गंमत वाटली. आमच्या जन्माच्या कितीतरी आधी कुणीतरी अख्ख्या आकाशाचे प्लॉट पाडून ठेवले होते, आणि त्यातल्या एका प्लॉटवर सांगलीचं नाव होतं.

पण प्लॉट मिळाला म्हणजे आवाज पोचला असं नाही. सांगली केंद्र नक्की कुठवर ऐकू यायचं, ते वर्तुळ पुढे कसं आक्रसलं आणि ते कुणी आक्रसवलं, याचा मी गेली काही वर्षं जमेल तसा पाठपुरावा करतोय. तुमच्यापैकी बहुतेकांनी एएम रेडिओ कधी ऐकला नसेल. मीही लहानपणी आबांच्या रेडिओवर ऐकला तेवढाच. त्यामुळे जरा मागून सुरुवात करतो.

सातारा आणि सांगली आज दोन जिल्हे आहेत, पण स्वातंत्र्य मिळालं तेव्हा हे दोन जिल्हे वेगळे नव्हते. मोठा सातारा जिल्हा होता आणि त्यात ठिकठिकाणी सांगली, औंध, फलटण, जत अशी संस्थानं. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. या सगळ्या मुलखात तेव्हा आकाशवाणीचं एकही केंद्र नव्हतं. सगळ्यांत जवळचं मराठी केंद्र म्हणजे पुणे, आणि तेही २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालेलं.

पुणे केंद्राची आठवण निघाली की गीतरामायण येतंच. १ एप्रिल १९५५ पासून दर आठवड्याला एक असं वर्षभर ते चाललं, एकूण ५६ गीतं. ते लिहिणारे गदिमा माणदेशातले, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी भागातले. आटपाडी पुण्यापासून सरळ रेषेत १७० किलोमीटरच्या आसपास येते. मध्ये दुष्काळी माळ, घरात वीज नाही, रेडिओ सेट असलाच तर एखाद्या बड्या घरात. पुण्यात रस्ते ओस पडायचे असं आपण ऐकतो. माणदेशात रस्ते ओस पडण्यासाठी गीतरामायणाची गरज नव्हती. जिथल्या मातीतून ती भाषा आली तिथेच ती सगळ्यांत उशिरा पोचली असणार, असं मला नकाशा बघताना वाटत राहतं.

त्याच पुणे केंद्रावरून १९५६ मध्ये आणखी एक प्रयोग झाला, जो गीतरामायणाइतका कुणाच्या लक्षात नाही. युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत रेडिओ शेती मंडळं काढली गेली. उत्तर सातारा त्यात होता. गावातली वीसेक माणसं एका सार्वजनिक सेटभोवती जमायची, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा शेतीवरचा कार्यक्रम ऐकायची, त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून कळवायची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास केला. ऐकणाऱ्या गावांची माहिती आणि निर्णय घेण्याची तऱ्हा बदलली असं त्यात दिसलं, आणि पुढे देशभर तशी मंडळं निघाली. आज ज्याला आपण फीडबॅक लूप म्हणतो तो पोस्टकार्डावर चालला होता. पण एक अट होती जी कुठल्याही अहवालात ठळक अक्षरांत नसते: गावात पुणे नीट ऐकू यायला हवं. नसेल तर मंडळ काढून काय उपयोग?

६ ऑक्टोबर १९६३ ला सांगली केंद्र सुरू झालं आणि कृष्णाकाठाला स्वतःचा आवाज मिळाला.

आता थोडं भौतिकशास्त्र, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. १२५१ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी २३९.८ मीटर. जुने निवेदक सभेच्या सुरुवातीला मीटरचा आकडा सांगायचे तो हाच. एवढी लांब लहर दिवसा जमिनीला धरून चालते. समोर टेकडी आली तर तिला वळसा घालून पलीकडे उतरते. पण चालताना जमीन तिच्यातली ऊर्जा खात जाते. किती खाते हे मातीवर ठरतं. ओली काळी माती विजेची चांगली वाहक, म्हणून तिच्यावरून लहर लांब जाते. कोरडा मुरूम, खडक, यांच्यावर ती लवकर थकते. म्हणजे प्रसारणाचं वर्तुळ म्हणायचं तेवढंच. सांगलीचं वर्तुळ कृष्णा-वारणेच्या काळ्या पट्ट्यात लांबट आणि सह्याद्रीच्या बाजूला चेपलेलं असणार. एखादा आंबा चुकून कुणी हाताने दाबावा तसं.

फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितकी जमीन जास्त खाते, हा दुसरा नियम. पुणे ७९२ वर, सांगली १२५१ वर. शिवाय पुण्याचं ट्रान्समीटर १०० किलोवॅटचं, सांगलीचं २०. साताऱ्यापासून सरळ रेषेत पुणे ९५ किलोमीटर, सांगली ११० च्या आसपास. सगळेच घटक पुण्याच्या बाजूने. त्यामुळे सातारा शहर ऐकण्याच्या बाबतीत पुण्याचं राहिलं, आणि कराड, वाळवा, तासगाव, मिरज हा पट्टा सांगलीचा.

२०१७ मध्ये इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी हे स्वतः करून पाहिलं. खिशातला छोटा रेडिओ घेऊन सांगलीहून साताऱ्याला एसटीने निघालो. बसमध्ये काही ऐकू येत नाही. पत्र्याची पेटी ती, वर इंजिनची खरखर. म्हणून प्रत्येक स्टँडवर बस थांबली की खाली उतरायचं, वीस सेकंद ऐकायचं, वहीत पाचपैकी गुण लिहायचे आणि कंडक्टरने बेल मारायच्या आत चढायचं. इस्लामपूरला पाच. कराडला चार. उंब्रजला दोन, ऊस तोडल्यासारखा मागे सतत सळसळाट. साताऱ्याला सांगली होतं, पण त्याच्यासाठी रेडिओ आडवा-उभा फिरवत बसावं लागलं, आणि पुणे मात्र खणखणीत. कंडक्टरने शेवटी विचारलंच, मॅच आहे का म्हणून.

रेडिओ फिरवावा का लागतो, तेही सांगतो. एएम रेडिओच्या आत बोटभर लांबीची एक काळी कांडी असते, फेराइटची, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. हाच त्याचा अँटेना. कांडी केंद्राला आडवी धरली की आवाज जास्तीत जास्त, तिचं टोक केंद्राकडे केलं की जवळपास शून्य. आमचे आबा रेडिओ खिडकीत ठेवायचे तो कायम एकाच कोनात, आणि कुणी पुसताना हलवला तर चिडायचे. गाव खानापूर तालुक्यात, सांगली तिथून दक्षिणेला. आबांना फेराइट माहीत नव्हतं, कोन माहीत होता. सेल संपत आले की ते उन्हात ठेवायचे, आणखी दोन दिवस चालायचे, हेही त्यांच्याकडूनच.

सूर्य मावळला की सगळं बदलतं. दिवसा वातावरणाचा एक खालचा थर वर जाणाऱ्या मध्यम लहरी शोषून घेतो. रात्री तो थर विरतो आणि लहरी आणखी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर लांब जमिनीवर उतरतात. म्हणून रात्री लांबलांबची केंद्रं लागतात. नागपूरहून १५६६ किलोहर्ट्झवर १००० किलोवॅटचं राष्ट्रीय चॅनेल १९८८ मध्ये सुरू झालं ते याच भरवशावर. फक्त रात्रीचं प्रसारण, एका ट्रान्समीटरने बहुतेक देश. पण याच कारणाने रात्री आपलं जवळचं केंद्र बिघडतं. एक लहर जमिनीवरून येते, दुसरी आकाशातून, आणि दोघी कधी एकमेकींना उचलून धरतात, कधी खोडतात. आवाज जवळ येतो, लांब जातो, मधेच चिरकतो. शिवाय त्याच घरातलं परदेशातलं कुठलंतरी केंद्र मागून कुजबुजायला लागतं. दिवसा साठ-सत्तर किलोमीटरवर स्वच्छ असणारं वर्तुळ रात्री कडेने कुरतडलं जायचं.

या वर्तुळाला राज्याची सीमा कळत नव्हती. निपाणी सांगलीपासून सरळ रेषेत ५५ किलोमीटरच्या आत आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ती म्हैसूर राज्यात गेली. सात वर्षांनी सांगली केंद्र सुरू झालं तेव्हा निपाणी, चिकोडी, अथणी हा सगळा पट्टा त्याच्या दिवसाच्या आवाक्यात होता. सीमाप्रश्नावर जे काही चालू होतं ते चालू राहिलं, पण सकाळचे अभंग, बाजारभाव आणि दिल्लीहून येणाऱ्या साडेआठच्या मराठी बातम्या पलीकडे विनापरवाना जात राहिल्या. उलट दिशेनेही असंच. जत तालुक्याच्या पूर्व भागात घरात कानडी बोलतात, आणि धारवाडचं २०० किलोवॅटचं केंद्र ७६५ वर तिकडे येतं. कुठल्या भाषेचा माणूस कुठल्या जिल्ह्यात मोजला जातो याच्याशी लहरीला देणंघेणं नव्हतं.

एएमची एक खोड सगळ्यांना ठाऊक असते: खरखर. यात आवाज लहरीच्या उंचीत साठवलेला असतो, आणि कुठलाही विजेचा धक्का त्या उंचीत भर घालतो. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग जमले की सांगली केंद्रावर कडाड कडाड असं सुरू व्हायचं, अजून आभाळात काही दिसत नसताना. तासगाव भागात द्राक्षाचा बेदाणा रॅकवर सुकत घातलेला असतो त्याच दिवसांत. रेडिओ तडतडायला लागला की ताडपत्री काढा, असं सांगणारी माणसं मला भेटली आहेत. यात अंधश्रद्धा काही नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप तुमच्या फोनवर असेल. त्यामागचं सेन्सर्सचं जाळंही विजेने सोडलेल्या रेडिओ लहरीच ऐकतं, फक्त एकाच वेळी अनेक ठिकाणांहून, आणि गणित करून जागा काढतं. तासगावच्या शेतकऱ्याकडे एकच सेन्सर होता आणि त्यावर मधूनमधून भावगीतं लागायची.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला या भागात एफएम आलं. साताऱ्यात आकाशवाणीचं केंद्र १०३.१ मेगाहर्ट्झवर, कोल्हापुरात १०२.७ वर. साताऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ही मोठी गोष्ट होती. इतकी वर्षं पुण्याच्या वर्तुळाच्या कडेला आणि सांगलीच्या वर्तुळाबाहेर राहिलेल्या गावाला स्वतःचं केंद्र मिळालं. आवाजही काचेसारखा. एफएममध्ये आवाज लहरीच्या उंचीत नसतो, तिच्या कंपनसंख्येतल्या बदलात असतो, म्हणून विजेची तडतड तिला फारशी शिवत नाही. ज्यांना एएम गेल्याचं फक्त दुःख होतं त्यांनी तासभर मध्यम लहरींवर बासरी ऐकून दाखवावी.

पण एफएमची लहर ३ मीटरची. ती जमिनीला धरून चालत नाही, डोंगराला वळसा घालत नाही, जवळपास दिसेल तिथवरच जाते. पृथ्वीची गोलाई धरून ढोबळ सूत्र असं आहे: मनोऱ्याच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, त्यात रेडिओच्या उंचीचं वर्गमूळ मिळवा, बेरजेला ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. १०० मीटरचा मनोरा आणि हातातला रेडिओ धरला तर ४७ च्या आसपास येतं. तेही सपाट मैदानावर. सातारा जिल्ह्यात सपाट मैदान शोधायला माणूस पाठवावा लागेल.

आता सांगलीच्या वर्तुळाकडे परत. ट्रान्समीटर तेच २० किलोवॅटचं, फ्रिक्वेन्सी तीच, माती तीच, तरी वर्तुळ लहान झालं. हा भाग मला सगळ्यांत रंजक वाटतो, कारण यात कुणी काही बंद केलं नाही.

तुमच्या घरात आत्ता किती चार्जर लावलेले आहेत मोजा. मग एलईडी बल्ब, टीव्हीचा सेट टॉप बॉक्स, इन्व्हर्टर, लॅपटॉपचा अ‍ॅडॅप्टर, वायफायचा राउटर. यातल्या जवळपास प्रत्येकात विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणारं सर्किट असतं. त्या चालू-बंद होण्याच्या पटीतल्या लहरी घरातल्या वायरिंगमधून बाहेर पडतात, आणि त्या नेमक्या मध्यम लहरींच्या पट्ट्यात सांडतात. चांगल्या कंपनीच्या वस्तूत त्या अडवायला फिल्टर असतो. स्वस्त वस्तूत दहा रुपये वाचवायला पहिला तोच काढतात. जानेवारी २०१५ मध्ये सरकारने एलईडी बल्ब वाटपाची मोठी योजना आणली आणि देशात कोट्यवधी बल्ब बदलले गेले. विजेची बचत झाली, बिलं कमी झाली, चांगलंच झालं. शेतावरच्या सौर पंपाच्या कंट्रोलरचंही तेच. पण रेडिओच्या दृष्टीने गावोगाव एक नवा, सतत गुणगुणणारा ट्रान्समीटर बसला.

याचा हिशेब मांडता येतो. आर्नोल्ड सोमरफेल्ड नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये जमिनीवरून जाणाऱ्या लहरीचं गणित सोडवलं. ठरावीक अंतरापलीकडे सिग्नलची ताकद अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, असं त्यातून येतं. म्हणजे अंतर दुप्पट झालं तर ताकद एक चतुर्थांश. आता समजा घराघरातला गोंगाट दहापट वाढला. तर पूर्वीइतकंच स्वच्छ ऐकायला सिग्नलही दहापट हवा, आणि तो मिळण्यासाठी केंद्राच्या सव्वातीनपट जवळ सरकावं लागेल. त्रिज्या एक तृतीयांशाच्या खाली, क्षेत्रफळ एक दशांश. ट्रान्समीटरची ताकद वाढवून हे भरून काढू म्हणाल, तर तेही गणित क्रूर आहे. ताकद दुप्पट केली तर त्रिज्या वाढते जेमतेम १९ टक्के. पुणे सांगलीच्या पाचपट ताकदीचं, पण एवढ्याने त्याची त्रिज्या दीडपटच होते. गोंगाटाशी ट्रान्समीटर जिंकू शकत नाही.

जुन्या ट्रान्समीटरचा खर्चही बघायला हवा. २० किलोवॅट म्हणजे वीसेक इस्त्र्या एकाच वेळी चालू, आणि ही फक्त हवेत सोडलेली ताकद, भिंतीतून घेतलेली वीज त्याहून जास्त. मनोरा लहरीच्या पाव पट हवा, म्हणजे ६० मीटरच्या आसपास, त्याच्याभोवती जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या तारांचं जाळं, त्यासाठी मोकळी जागा. शहर वाढत गेलं की अशा जागेकडे कोण कसं बघतं ते तुम्हाला माहीतच आहे. एवढं सगळं करून ऐकणारे किती, असा प्रश्न कुणी विचारला तर तो गैर नाही. मी त्या खुर्चीत असतो तर मीही विचारला असता.

ऐकणारे कमी होण्याचं एक कारण तुमच्या हातात आहे. स्मार्टफोनमध्ये एएम रेडिओ कधीच नव्हता. फेराइटची कांडी त्यात मावत नाही, आणि मावली तरी फोनचा प्रोसेसर स्वतःच इतका गोंगाट करतो की काही ऐकू आलं नसतं. एफएम मात्र बऱ्याच फोनमध्ये असायचं. इअरफोन लावल्याशिवाय ते सुरू व्हायचं नाही, आठवतंय? कारण इअरफोनची वायर हाच अँटेना. ३ मीटरचा पाव भाग ७५ सेंटिमीटर, आणि खिशापासून कानापर्यंतची वायर साधारण त्याच हिशेबात बसते. मग वायरलेस इअरफोन आले, फोनची जॅक गेली, आणि चिप आत असूनही रेडिओ मुका झाला. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारला फोन बनवणाऱ्यांना सांगावं लागलं की ज्यात एफएमची सोय आहे त्यात ती बंद करू नका. अमेरिकेत त्याच सुमारास वेगळीच लढाई चालू होती. इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरचा गोंगाट एएममध्ये येतो म्हणून काही कंपन्यांनी गाडीतून एएम काढून टाकलं, आणि आणीबाणीत सूचना कशा देणार म्हणून तिथल्या संसदेत विधेयक आलं.

अ‍ॅप आहे की, असं तुम्ही म्हणाल. आहे. आकाशवाणीची केंद्रं आता फोनवर ऐकता येतात, मी पुण्यात बसून सांगली ऐकू शकतो, कुणी डॅलसमध्ये बसून ऐकू शकेल. वर्तुळ पृथ्वीएवढं झालं. पण माझा धंदा सर्व्हरचा आहे, आणि तिथून बघताना एक फरक डोळ्यांत भरतो. अ‍ॅपवर प्रत्येक ऐकणाऱ्यामागे सर्व्हरवर भार पडतो. दहा हजार लोक एकदम आले तर आमची धावपळ. ट्रान्समीटरला माहीतच नसतं कोण ऐकतंय. दहा असोत की दहा लाख, वीज तितकीच. आणि ऐकणाऱ्याला ना रिचार्ज लागतो, ना लॉगिन, ना जवळ टॉवर.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७.५ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. पुराच्या भागात वीज तोडावी लागली. विजेपाठोपाठ टॉवर, टॉवरपाठोपाठ फोन. अलमट्टीतून किती सोडलं, कोयनेतून किती येतंय, कुठल्या रस्त्यावर पाणी आहे, हे सगळं त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं, खरं-खोटं एकत्र, आणि ज्यांना खरी गरज होती त्यांचे फोन बंद पडलेले. दोन सेलवर आठवडाभर चालणारी वस्तू कोनाड्यात असती तर उपयोग झाला असता. पण तोवर ती बहुतेक घरांत नव्हतीच. आबांचा रेडिओ आम्हीच भंगारवाल्याला दिला होता, वजनावर.

देशभरात एएम ट्रान्समीटर एकेक करून बंद होत आहेत. नागपूरचं राष्ट्रीय चॅनेल बंद करण्याचा आदेश जानेवारी २०१९ मध्ये निघाला. मधल्या काळात डीआरएम नावाचं डिजिटल तंत्र आलं, पुणे आणि मुंबईसह तीसहून अधिक ठिकाणी तशी यंत्रं बसवली. तंत्र चांगलं आहे, मध्यम लहरींवर एफएमसारखा आवाज देतं, पण त्याचा रेडिओ दुकानात मागून बघा. म्हणून सगळा भर एफएमवर. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने २,५३९ कोटींची योजना मंजूर केली. आकाशवाणीचं एफएम तेव्हा देशाच्या ५९ टक्के भूभागावर आणि ६८ टक्के लोकसंख्येपर्यंत पोचत होतं. ते ६६ टक्के भूभाग आणि ८० टक्के लोकसंख्येपर्यंत न्यायचं. त्याच वेळी आकाशवाणीची एकूण व्याप्ती, म्हणजे एएम धरून, किती सांगितली जायची? ९२ टक्के भूभाग, ९९.१९ टक्के लोकसंख्या.

हे ९९.१९ मला फार आवडतं. दशांश चिन्हानंतरचे दोन आकडे विशेषतः. तो सिग्नलच्या ताकदीवरून काढलेला आकडा आहे. घरातल्या बल्बचा गोंगाट त्यात मिळवला तर तो टिकत नाही. म्हणजे एएमचा आकडा फुगलेला होता हे मान्य. पण म्हणून ६६ आणि ८० पुरेसे होत नाहीत. ज्या एक तृतीयांश भूभागावर एफएम पोचणार नाही तिथे वस्ती विरळ आहे, म्हणून लोकसंख्येच्या हिशेबात ती जागा लहान दिसते. ती कुठली जागा असते ते मला आमच्याच भागात बघायचं होतं.

म्हणून मी एका रविवारी प्रोग्राम लिहिला. नासाने २००० साली अंतराळयानातून रडारने पृथ्वीची उंची मोजली, ती मोजणी फुकट मिळते, ३० मीटरला एक नोंद. सातारा शहरात १०० मीटरचा मनोरा गृहीत धरला आणि तिथून प्रत्येक ठिपक्याकडे सरळ रेषा ओढली. मध्ये डोंगर आला की ठिपका काळा. पूर्वेला कोरेगावकडे बऱ्यापैकी उजेड पडला. पश्चिमेला यवतेश्वराच्या पठाराच्या मागे अंधार सुरू झाला, आणि कोयनेच्या खोऱ्यात, शिवसागराच्या दोन्ही काठांनी उत्तरेकडे तापोळ्यापर्यंत एक लांब काळा पट्टा उमटला. खरी लहर डोंगराच्या कडेवरून थोडी वाकते, त्यामुळे प्रत्यक्षात अंधार इतका ठार नसतो. पण कोयनानगर साताऱ्यापासून सरळ रेषेत ४२ किलोमीटर, सूत्राने एफएमच्या आवाक्यात, आणि माझ्या नकाशावर काळं.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी भूकंप झाला तो याच कोयनानगरात. धक्के तिथे अजूनही बसतात. धरणाच्या पाण्यापलीकडे कांदाटी खोरं आहे, तिथल्या गावांना बामणोलीहून किंवा तापोळ्याहून लाँचने जायचं. पावसाळ्यात लाँच बंद पडली की दोन-दोन दिवस कुणी येत-जात नाही. त्या पट्ट्यात मोबाइलचे टॉवर कुठे आहेत हे मी पुढच्या रविवारी त्याच नकाशावर टाकलं. ते सगळे अलीकडच्या काठाला, बोटींग पॉइंटच्या आणि रिसॉर्टच्या बाजूला निघाले.